बंबातला थर

आमच्या वसईच्या घरी तांब्याचा बंब होता. विहिरीचे पाणी मचूळ. त्यामुळे बंबाच्या मधल्या नळीवर वर्षभरात दगडासारखा पांढरा थर चढे. आई त्यात शिरका ओतून ठेवी, तेव्हा तो फसफसून सुटे. पुढे आखातातील एका समुद्री तेलफलाटावर रसायनतज्ज्ञ म्हणून आम्ही रुजू झालो आणि तोच थर तेथील तेलविहिरींत आम्हांस पुन्हा भेटला.

जमिनीखालच्या तेलासोबत खारे पाणी असते आणि त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. वर येताना पाण्यावरचा दाब उतरतो, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि नळीच्या आतून चुन्याचा थर धरू लागतो. आम्ल सोडले की तो विरघळतो. येथवर आईचे शास्त्र पुरेसे होते. उत्तर समुद्राची कथा मात्र निराळी. तेथे तेलाला रेटा मिळावा म्हणून खडकात समुद्राचे पाणी भरतात. त्या पाण्यात सल्फेट, खडकातल्या पाण्यात बेरियम. दोहोंची गाठ पडली की बेरियम सल्फेट तयार होते आणि ते आम्लाला दाद देत नाही. मिलर क्षेत्रातील एका विहिरीचे उत्पादन दिवसाला ३०,००० पिंपांवरून अवघ्या २४ तासांत शून्यावर आले होते. साउथ ब्रे फलाटावर तर १९८८ पासून समुद्राच्या पाण्यातील सल्फेट सूक्ष्म पडद्यांनी गाळून, मगच ते पाणी खाली सोडू लागले.

आमच्याकडे एवढा थाट नव्हता. फॉस्फोनेट जातीचे रसायन विहिरीतून भोवतालच्या खडकात दाबाने घुसवायचे आणि विहीर काही तास बंद ठेवायची. खडक ते धरून ठेवतो आणि पुढे कित्येक महिने पाण्याबरोबर थोडेथोडे सोडतो. दशलक्ष भागांत पाचसहा भाग, पण तेवढ्याने स्फटिकांची वाढ खुंटते. प्रमाण उतरले की पुन्हा भरणी. रोज नमुने घेऊन ते मोजणे हे आमचे काम, कंटाळवाणेच म्हणायचे.

१९९४ च्या एप्रिलात, सुटीवर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, एका विहिरीचा आकडा तीनवर आलेला दिसला. घरी धाकट्या बहिणीचे लग्न होते. आकडा कळवला असता तर भरणी होईपर्यंत आम्हांस थांबवून घेतले असते. आम्ही तो नोंदवहीत लिहिला आणि सकाळी हेलिकॉप्टरमध्ये बसलो. बदलीवर आलेल्या केरळी सहकाऱ्याला तोंडी काही सांगितले नाही.

महिन्याने परतलो, तो विहीर निम्म्यावर आली होती. त्याहून वाईट म्हणजे आतली सुरक्षा-झडप थराने जखडून मिटेनाशी झाली होती. त्या दिवसांत आग लागती, तर विहीर बंद करता आली नसती. चौकशीत नोंदवही उघडली गेली. आकडा लिहिलेला, अक्षर आमचे, तारीख आमची. मग नव्या माणसाने तो वाचला का नाही, असा प्रश्न निघाला. त्याचा करार पुढे वाढवला गेला नाही. आम्ही समोरच बसलो होतो.

कापून काढलेल्या नळीचा एक तुकडा आम्ही घरी आणला. आईने त्यात बोट घालून पाहिले आणि विचारले, “एवढा साचेपर्यंत कोणी पाहिला नाही, रे?” आम्ही काहीतरी तांत्रिक उत्तर दिले. त्या सहकाऱ्याचा पत्ता आमच्या जुन्या डायरीत आहे. पत्र दोनदा लिहून झाले; टाकलेले नाही.