जेलीफिशचा दिवा आणि स्मरणशक्तीची कॅप्सूल

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. ते बरोबरच आहे. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. पण उरलेलं थोडंसं कॅल्शियम फार मोठी कामं करतं. हृदयाचा ठोका पडताना, मूठ वळताना किंवा मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना पेशीतलं कॅल्शियम क्षणभर वाढतं आणि लगेच कमी होतं.

ही ये-जा डोळ्यांना दिसू लागली ती एका जेलीफिशमुळे. १९६१ साली ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बर इथे, चमकणाऱ्या जेलीफिशचा अभ्यास करत होते. आपल्या राधानगरीकडच्या काजव्यांचा प्रकाश ज्या पद्धतीने तयार होतो, तशीच पद्धत इथेही असेल असं समजून सुरुवातीला शोध चालला होता. तसं काही सापडेना. एके दिवशी त्यांनी प्रयोगातलं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं आणि बेसिन निळ्या प्रकाशाने उजळलं! त्या बेसिनमध्ये मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी येत होतं आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं. त्या उन्हाळ्यात सुमारे १०,००० जेलीफिश गोळा करून त्यांनी हे प्रथिन वेगळं केलं. त्याचं नाव इक्वोरिन.

कॅल्शियम मिळालं की हे प्रथिन उजळतं. म्हणून शास्त्रज्ञांनी ते जिवंत स्नायूत सोडलं. १९७८ मध्ये बेडकाच्या हृदयाच्या स्नायूत प्रत्येक आकुंचनाबरोबर असा उजेड नोंदवला गेला. याच जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी शिमोमुरांना २००८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे एक बाटली. पेठ वडगावच्या माझ्या दवाखान्यात बाजारच्या दिवशी एक काकू आल्या. काका हल्ली विसरतात म्हणून अमेरिकेतल्या नातवाने कॅप्सूल पाठवल्या होत्या. "डॉक्टर, जेलीफिशपासनं केल्यात म्हणे. द्याव्यात काय?" बाटलीवर याच प्रथिनाचं नाव होतं.

असा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. माझे वडील शेवटची दोन वर्षं मला डॉक्टर म्हणून ओळखायचे, मुलगा म्हणून नाही. घरात असं माणूस असलं की कोणतीही बाटली आशेची वाटते.

मी त्यांना सांगितलं, "काकू, डाळीतलं प्रथिन पोटात पचून त्याचे तुकडे होतात. याचंही तसंच होतं. ते अख्खंच्या अख्खं मेंदूत पोहोचून स्मरणशक्ती वाढवतं, याला भरवशाचा पुरावा नाही." अशी कॅप्सूल विकणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या २१८ जणांच्या चाचणीतही, सगळ्यांचा एकत्रित निकाल पाहिला तर, औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा ठळक फायदा दिसला नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी त्या जाहिरातींविरुद्ध दावा लावला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने स्मरणशक्ती वाढवण्याचे दावे करायला मनाई केली.

प्रयोगशाळेत दिवा म्हणून उत्तम असलेली वस्तू पोटात गेल्यावर औषध होतेच असं नाही.

काकांच्या मी आधी रक्ताच्या तपासण्या केल्या. बी१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. विसरणं पूर्ण थांबेल असं वचन मात्र दिलं नाही.

तुमच्या घरी कुणी वारंवार विसरत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब, ऐकू येणं, झोप, मनाची उदासी आणि चालू असलेली औषधं, एवढं तरी डॉक्टरांकडून तपासून घ्या. यातल्या काही कारणांवर उपाय आहेत, आणि ते लवकर केलेले बरे.