वसतिगृहाचा कॅमेरा

या स्मरणिकेत विद्यालयाची जी जुनी कृष्णधवल छायाचित्रे छापली आहेत, ती बहुतेक एकाच कॅमेऱ्याने टिपलेली आहेत. तो कॅमेरा कोणता घ्यावा यावर २००२ च्या उन्हाळ्यात शाळा समितीच्या दोन बैठका झाल्या. इतिवृत्तात त्याची नोंद एका ओळीची आहे : 'छायाचित्रण साहित्य खरेदीस मंजुरी.' त्या ओळीमागचा वाद मात्र लिहून ठेवण्याजोगा आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणून खरेदीचे काम आमच्याकडे होते, तेव्हा हे लिहिणेही आमच्याकडेच आले.

त्या काळी हिंजवडी डोळ्यांदेखत बदलत होती. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि माणच्या बाजूची भातखाचरे एकामागून एक मुरुमाखाली जात होती. आमच्या कित्येक मुलांचे आईवडील याच बांधकामांवर बिगारी होते, काहींचे वीटभट्टीवर विटा पाडत. त्यांच्या घरी छायाचित्र असलेच तर ते मतदार ओळखपत्रावरचे. चाललेला बदल आणि तो घडवणारी माणसे यांची नोंद आपल्या मुलांनी आपल्या हातांनी करावी, एवढाच आमचा प्रस्ताव होता. डिजिटल कॅमेरे तेव्हा बाजारात आले होते, पण आमच्या आवाक्याबाहेर होते. प्रश्न होता तो फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीचा.

मुंबईच्या फोर्टात, बोरा बाजारात, आम्ही दोन दिवस फिरलो. शेवटी जुन्या मालातील दोन निकॉन समोर राहिले : एफ३ आणि एफएम२. पहिला १९८० चा, व्यावसायिकांसाठी घडवलेला. दुसरा १९८२ चा, मधल्या श्रेणीतला. दोन्हींचे उत्पादन २००१ मध्ये थांबले होते. नवा कोरा एफएम१० ही मिळत होता. तो कोसिना कंपनीने निकॉनसाठी बनवलेला. परंतु त्याची प्लॅस्टिकची काया शंभर मुलांच्या हातांत किती टिकेल, याची आम्हांस शंका होती. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला.

बैठकीत एफ३ ची बाजू घेतली ती खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी. सारे त्यांना दादा म्हणत. यंत्राची त्यांना उत्तम जाण होती. एफ३ च्या दर्शिकेत फिल्मवर येणारे संपूर्ण चित्र दिसते. एफएम२ च्या दर्शिकेत सुमारे ९३ टक्केच. एफ३ ची दर्शिका काढून दुसरी बसवता येते, त्याला मोटर ड्राइव्ह जोडता येते आणि छिद्र ठरवून दिले की शटरचा वेग तो स्वतः ठरवतो. हे सर्व खरे होते. पण दादांचा मुख्य मुद्दा वेगळा होता. ते म्हणाले, "सर, आपल्या पोरांनी जन्मभर उतरलेले कपडे घातले. निदान कॅमेरा तरी पहिल्या पंक्तीतला द्या. दुय्यम माल आपल्याच वाट्याला का?"

यावर पटकन उत्तर देणे कठीण होते. तो प्रश्न कॅमेऱ्यापुरता नव्हता, हे बैठकीतील प्रत्येकास कळत होते.

आमचे म्हणणे असे की, कॅटलॉगातील उतरंड ही प्रत्यक्ष कामाची उतरंड नसते. उतरंडीचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांनी ती तरी तपासल्याशिवाय मानू नये! एफ३ चा सर्वाधिक वेग सेकंदाचा १/२००० आहे. 'खालच्या' एफएम२ चा १/४०००. फ्लॅशसाठी एफ३ ला १/८० च्या पुढे जाता येत नाही. १९८४ नंतरच्या एफएम२ ला १/२५० पर्यंत जाता येते. एफ३ मध्ये फ्लॅश रीळ गुंडाळायच्या खुंटीवर बसतो, म्हणजे रोल बदलताना तो काढावाच लागतो. स्नेहसंमेलनात ज्यांनी छायाचित्रण केले आहे, त्यांना याचा जाच वेगळा सांगायला नको.

भन्तेजी तोवर शांत बसले होते. त्यांनी विचारले, "सेल संपला तर?" दोन्हींत बटणासारखे दोन छोटे सेल लागतात. एफ३ चे शटर विजेवर चालते. सेल गेला की एका कळीवर साधारण १/६० चा एकच वेग उरतो. एफएम२ मध्ये सेल केवळ प्रकाशमापकाला लागतो. शटर संपूर्ण यांत्रिक, त्यामुळे सेल नसतानाही सारे वेग चालतात. वसतिगृहात सणासुदीलाही वीज जायची, तेथे हा मुद्दा सर्वांस पटला.

शेवटचा मुद्दा पैशाचा. एका एफ३ च्या रकमेत आम्हांला एफएम२, ५० मिलिमीटरची लेन्स, २८ मिलिमीटरची वाइड लेन्स आणि शिवाय काही रोल मिळत होते. चित्र उमटते लेन्सने आणि फिल्मवर. बॉडी म्हणजे अखेर अंधारी पेटी आणि शटर. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासूनचे, त्यामुळे त्याच लेन्स पुढे एफ३ वरही चढल्या असत्या. दादांनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "एका अटीवर. हा कपाटात ठेवायचा नाही. पोरांच्या हातात द्यायचा." ठराव झाला.

अट पाळली. पावसाळ्यात मुळशीच्या दमट हवेने लेन्सला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहायचा. खडे गुलाबी पडले की स्वयंपाकघरातील मावशी ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून देत. पण उघाड पडली की डबा उघडायचा. मुलांना मापकाचे तीन लाल दिवे ओळखायला आठवडा लागला. ३६ चित्रांच्या रोलात प्रत्येकाच्या वाट्याला दोन चित्रे येत. दोनच चित्रे मिळणार असली की मूल किती वेळ नुसते पाहत राहते, हे आम्ही वर्गात कधी अनुभवले नव्हते.

कार्ल्याच्या सहलीत एकदाच एफ३ ची उणीव भासेल असे वाटले. चैत्यगृहात अंधार, आणि पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय तिवई लावता येत नाही. एवढ्या मंद वेगात आतला आरसा उचलला जाण्याचा धक्काही चित्र हलवतो. एफ३ मध्ये आरसा आधीच वर अडकवून ठेवण्याची सोय आहे. एफएम२ मध्ये ती नाही, पण सेल्फ टायमर लावला की त्याचा आरसा सुरुवातीलाच वर जातो आणि शटर मागाहून उघडते. कॅमेरा दगडी कट्ट्यावर घडी केलेल्या पंचावर ठेवला. चैत्य पश्चिमाभिमुख, दुपार कलल्यावर कमानीतून प्रकाश आत स्तूपापर्यंत आला. ते चित्र या अंकात आहे.

त्याच्याच शेजारचे दुसरे चित्र सातवीतल्या एका मुलाने काढले आहे. शनिवारी तो कॅमेरा गळ्यात घालून आईच्या साइटवर गेला. आई म्हणाली, "थांब, तोंड धुते." त्याने थांबायचे ठरवले. म्हणून चित्रात डोक्यावर घमेले आहे, चेहरा ओला आहे आणि ती सरळ लेन्सकडे पाहते आहे. तिचे तेवढेच छायाचित्र त्या घरी आहे. ती माउली आता हयात नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात एफ३ घालून त्याला बांधकामावर पाठवण्याचे धाडस आमच्या समितीला झाले नसते, दादांनाही नाही. हे त्यांनीच पुढे आम्हांला सांगितले.

कॅमेऱ्याचा मापक आता बंद पडला आहे. शटर चालते. रोल इतके महागले की वर्षाला एकच घेता येतो. मुले उन्हाचा अंदाज बांधतात : १०० च्या फिल्मवर स्वच्छ उन्हात छिद्र १६, वेग १/१२५. यंदा नववीच्या मुलींनी माणच्या रस्त्यावर, २००२ साली जेथून खाचरांचे चित्र घेतले होते तेथे उभे राहून, मेट्रोचे खांब टिपले. रोलात अजून नऊ चित्रे शिल्लक आहेत, म्हणून तो धुवायला दिलेला नाही.