बाण किती लवावा

बाण सरळ जायचा तर तो आधी वाकावा लागतो. ऐकायला विचित्र वाटलं, तरी पारंपरिक रिकर्व्ह धनुष्याचं सगळं गणित यावरच उभं आहे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो आणि सुटलेली दोरी धावते धनुष्याच्या मध्याकडे. या हिशेबाने बाणाचं तोंड डावीकडे वळायला हवं. पण टोकाचं वजन जागचं हलायला वेळ लावतं, मागून दोरी रेटते, शिवाय बोटांवरून निसटताना ती किंचित बाजूला सरकते. या कचाट्यात दांडी लवते. तिचं पोट आधी मुठीकडे दाबलं जातं, मग उलट बाहेर येतं, आणि हा हेलकावा वेळेवर झाला तर पिसं लाकडाला न घासता निघून जातात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. महत्त्व आहे ते त्या ‘वेळेवर’ला. ताठ बाण लवकर उसळतो, लेचापेचा उशिरा. म्हणून माझं म्हणणं असं, की कुठल्या धनुष्यावर आणि कोणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय कोणत्याही बाणाला योग्य ताठपणाचा म्हणता येत नाही.

लाकडी दांडीचा ताठपणा मोजायची रूढ पद्धत साधी आहे. २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी आडवी ठेवायची, मधोमध २ पौंडांचं वजन अडकवायचं आणि ती किती झुकते ते पाहायचं. २६ ला त्या झुकण्याने भागलं की पौंडांतला आकडा मिळतो, ०.५२ इंच झुकली तर ५०. वजन तसंच ठेवून दांडी बोटांनी हळूहळू फिरवली, तर आकडाही थोडा हलतो. ज्या बाजूला लाकडाच्या वलयांच्या कडा बारीक समांतर रेघांसारख्या दिसतात, तिकडून ती जास्त ताठ असते. चांगला कारागीर दोरीची खाच वलयांना आडवी कापतो, म्हणजे हीच बाजू धनुष्याला लागते. एका डझनातल्या सगळ्या बाणांना ही शिस्त नसेल, तर जुळवाजुळवीच्या पुढच्या गप्पा व्यर्थ आहेत.

पण हा आकडा स्थिर दांडीचा. ५/१६ इंचाऐवजी ११/३२ इंचाची दांडी घेतली तर जाडी वाढते जेमतेम दहा टक्के, पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे तो ४६ टक्क्यांनी चढतो. झुकणं लांबीच्या घनाने बदलतं, म्हणून २९ इंचांची दांडी २८ वर आणली की ती दहा टक्के कमी लवते. टोक जड केलं की तीच दांडी मऊ असल्यासारखी वागते. आणि धनुष्यावर ‘४० पौंड’ लिहिलेलं असतं ते बहुधा २८ इंचांच्या ओढीचं. २६ इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर साधारण ३५ च येतात. म्हणूनच एका माणसाच्या आयुष्यातही कायमचा योग्य बाण नसतो. वाढत्या वयाच्या मुलाचे हात लांबतात, तो जड धनुष्य घेतो, आणि कालपर्यंत नेमका जाणारा बाण आज उजवीकडे पडू लागतो. उतारवयात खांदे थकले, धनुष्य हलकं केलं, की भर जवानीतले बाण फार ताठ ठरतात. बाणांत काहीच बिघडलेलं नसतं.

यावर कोणी म्हणेल, हा जुन्या लाकडांचा त्रास आहे. साताऱ्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, त्या जातीच्या रिकर्व्हची मूठ मध्याच्याही आत कापलेली असते आणि बाणाच्या कुशीत स्प्रिंगचं बटण असतं. खरं आहे, त्याने चुकीला वाव वाढतो. पण दोरी बोटांनीच सुटते, बाण लवतोच, आणि ते खेळाडूही ताठपणा पारखूनच बाण घेतात. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर हजारो बाण सापडले. साठ्यातले बाण एकेका शिपायाच्या धनुष्याला जुळवत कोण बसणार? बसतही नसतील. मात्र गर्दीवर मारताना हातभर चूक खपते, आणि तेवढ्या चुकीत हरिणही सुटतं, लक्ष्याचा मधला रंगही. सरावाने तिरंदाज कुठलाही बाण सांभाळून घेतो असंही म्हणतात. एका जातीचे बाण असतील तर घेतो, नेमाची जागा सरकवून. पण ताठ बाणाची शेपटी मुठीवर आपटत असेल, तर ती दर वेळी सारखी आपटत नाही, आणि तिथे सराव तोकडा पडतो.

कोणत्या धनुष्याला किती ताठ बाण लागेल हे सांगणारे तक्ते उपयोगी आहेत, पण सुरुवातीपुरते. खरी परीक्षा बिनपिसांच्या बाणाची, कारण पिसं चूक झाकतात. तो पिसांच्या बाणांपेक्षा उजवीकडे पडला तर मऊ, डावीकडे पडला तर ताठ, डावखुऱ्यासाठी उलट. यातही एक फसगत आहे. फार ताठ बाण मुठीला आपटून मऊ असल्यासारखा भासतो, म्हणून तिथे घासल्याची खूण आधी शोधावी. कारागिराने दांडी पूर्ण लांबीची ठेवावी आणि मऊ निघाली तर पाव-पाव इंच कापत, दर वेळी पुन्हा मारून पाहावं. आधीच आखूड झालेली दांडी ताठ निघाली, तर १०० ग्रेनचं टोक काढून १२५ चं बसवावं आणि मग तक्त्याकडे न बघता लक्ष्याकडे बघावं.