माझं बीपी वाढवू नकोस!

आमच्या घराण्यात 'बीपी' म्हणजे राग. "गप बस, माझं बीपी वाढवू नकोस" हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडतं. मॅच रंगली की भावाचं बीपी वाढतं, पोराचा अभ्यास घेताना वहिनीचं वाढतं. गंमत म्हणजे या दोघांनाही ब्लडप्रेशर नाही! ज्यांना होतं त्या नानाकाकांना मात्र उभ्या आयुष्यात कुणी आवाज चढवताना पाहिलं नाही.

"आमचे हे म्हणजे थंड पाण्याचा माठ," असं काकू म्हणायची. त्यामुळे ऑफिसच्या तपासणीत 170/100 निघालं तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. डॉक्टरांनी गोळी दिली. दोन-तीन महिने काकांनी ती इमानदारीत घेतली आणि वरचा आकडा 130 वर आला. मग "आता नॉर्मल आहे, कशाला उगाच पोटात औषधं?" म्हणून बंद. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, रोज सकाळी टेकडी चढत होते. दीड वर्षाने एका सकाळी हातातला चहाचा कप निसटला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढची सहा वर्षं काका आम्हाला बघून हसायचे, पण नावाने हाक मारायला शब्द सापडायचा नाही.

मला वाटतं, त्या एका शब्दानेच आमचा घात केला. राग आला की प्रेशर वाढतं हे खरं, पण माणूस निवला की ते खाली येतं. आजार वेगळा. त्यात माणूस शांत बसलेला असतानाही दाब चढाच राहतो आणि वर्षानुवर्षं मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा यांना गुपचूप पोखरतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणजे "मला बरं वाटतंय" हा पुरावाच नव्हे. आणि गोळी घेताना आकडा नॉर्मल येतो तो बहुधा गोळीमुळे. छत्री उघडल्यावर आपण भिजत नाही, म्हणून पाऊस थांबला असं कुणी म्हणतं का?

एक गोष्ट वाचून मी थक्क झाले होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचं प्रेशर 300/190 होतं. एवढ्या बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला द्यायला डॉक्टरांकडे धड औषध नव्हतं! पुढे 1949 साली आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटनच्या नावाजलेल्या हृदयरोग नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. (म्हणून कुणी मुळी उगाळून घेऊ नका बरं का! तिच्यातल्या औषधाने काहींना नैराश्य यायचं. आता त्याहून सुरक्षित गोळ्या आहेत.) रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आज कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं, आणि आपण ते ड्रॉवरमध्ये ठेवून देतो.

गेल्या वर्षी आईचं 156/94 निघालं. पहिला प्रश्न अर्थात "एकदा सुरू केली की जन्माची लागते ना?" मी म्हटलं, चष्माही जन्माचा लागला, त्याबद्दल कधी तक्रार केलीस का? पटलं तिला. गोळी आता देवापुढच्या निरांजनाशेजारी असते, त्यामुळे विसरत नाही. मध्यंतरी घोटे सुजले. तिने गोळी बंद न करता डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी औषध बदललं, संपलं. गुडघ्यासाठी मनानेच घ्यायची ती पेनकिलरही त्यांनी थांबवली. अशा काही गोळ्यांनी प्रेशर वाढतं, हे आम्हाला नवीनच होतं.

घरी दंडावर पट्टा बांधायचं मशीन आणलंय. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं (हे आमच्याकडे सगळ्यात अवघड!), हात छातीच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहायचं. घरच्या आकड्यांची सरासरी 135/85 च्या आत असलेली बरी, त्याहून कमी हवी का ते डॉक्टर सांगतात. एखाद्या दिवशी चढा आकडा दिसला म्हणून घाबरायचं नाही, आणि उतरलेला दिसला म्हणून गोळीही सोडायची नाही.

खरी लढाई मिठाची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्यात भाजी-आमटी आली, लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाणही आलं! ताटातली डावी बाजू सोडायला आई तयार नाही. तह असा झालाय की लोणचं रविवारी, आणि ताटात वरून मीठ वाढायचं नाही.

असो. हे सगळं लिहायचं कारण, रक्तदाब घराण्यात उतरतो आणि आपण सगळे नानाकाकांच्याच रक्ताचे. दिवाळीला सगळे जमू तेव्हा मी मशीन घेऊन येणार आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने फराळाआधी हात पुढे करायचा. रागीट असा वा शांत. शांत मंडळींनी तर आधी!