मोठी न झालेली मुलगी

मिसिसिपी नदीच्या वळणांत वसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरांत हिंडतांना प्रवाशाच्या नजरेंत प्रथम भरतात तीं तेथील जुनीं कबरस्तानें. जमीन सखल, थोडें खणलें कीं पाणी लागतें. त्यामुळें विटाचुन्याचीं थडगीं जमिनीवरच, लहान घरांसारखीं ओळीनें उभीं आहेत. जिवंतांच्या घरांना लोखंडी जाळीकामाचे सुंदर सज्जे आहेत. अशाच एका घरापुढें, रॉयल स्ट्रीटवरील ११३२ क्रमांकाच्या वास्तूपुढें, आम्ही बराच वेळ उभे राहिलों. एकोणिसाव्या शतकांत जेम्स गॅलियर या वास्तुशिल्पज्ञानें तें आपल्या कुटुंबासाठीं बांधिलें; आज तेथें संग्रहालय आहे. याच शहरांत १९४१ सालीं जन्मलेल्या अ‍ॅन राइस यांनीं ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ (१९७६) या कादंबरींतील पात्रांचें घर कल्पितांना हीच वास्तु डोळ्यांपुढें ठेविली होती, असें सांगतात.

व्हँपायर म्हणजे माणसाचें रक्त पिऊन जगणारें, जरामरण नसलेलें पिशाच्च. कादंबरींतील लुई आपला सोबती लेस्टाट यास सोडून जाऊं पाहतो. त्याला बांधून ठेवण्यासाठीं लेस्टाट एका पांच वर्षांच्या पोरक्या मुलीस आपलें रक्त पाजून आपल्यासारखी करतो. क्लॉडिया तिचें नांव. दोघे तिला लेकीसारखी वाढवितात. पण ‘वाढवितात’ हा शब्दच येथें फोल ठरतो! वर्षांमागून वर्षें जातात, मन प्रौढ स्त्रीचें होतें, देह मात्र पांच वर्षांचाच राहतो. पुढें पॅरिसमध्यें बाहुल्या करणारी एक स्त्री तिला भेटते. तिची मुलगी वारलेली. म्हणून ती त्या एकाच मुलीच्या चेहऱ्याच्या बाहुल्या करीत बसलेली. क्लॉडिया तिच्याकडून मोठ्या बाईची बाहुली करून घेते, आणि हातांत धरून तिचा चुरा करते. अखेर इतर पिशाच्चांच्या शिक्षेनें सूर्यप्रकाशांत दोघींची राख होते.

ही केवळ भयकथा म्हणून वाचणारास एक गोष्ट ठाऊक नसते. राइसबाईंची मुलगी मिशेल १९७२ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेली. ती पांच वर्षांची होती. हा धागा लेखिकेनें पुढें स्वतःच मान्य केला. गेलेलें मूल परत मिळावें, याहून कोणती आई दुसरें काय मागेल? राइसबाईंनीं कथेंत तें मागणें पुरें करून पाहिलें. मूल राहिलें, त्याचें मोठें होणें तेवढें गेलें. शोकाच्या भरांतही त्या माउलीनें स्वतःची फसवणूक केली नाहीं, हें आम्हांस फार मोठें वाटतें.

चिरंजीवित्व हा शाप होऊं शकतो, हें अश्वत्थाम्याच्या कथेवरून आपण जाणतोंच. परंतु गर्भांतल्या बाळावर अस्त्र टाकणारास तो शाप मिळाला. येथें तो बाळालाच मिळाला, आणि तोही मोठ्यांच्या गरजेपायीं.

लहानपणीं औक्षण करतांना आजी म्हणे, “औक्षवंत हो, मोठा हो.” हे दोन आशीर्वाद आम्ही आजवर एकच समजत होतों. त्या रात्रीं मुक्कामीं परतल्यावर नातीला पत्र लिहिलें. शेवटीं ‘अनेक आशीर्वाद’ लिहून नेहमींप्रमाणें सही करणार, तोंच लेखणी थांबली. आणि ‘मोठी हो’ हे दोन शब्द अधिक घातले.