आई, पाणी आलं का गरम?

आमच्या घरात गरम पाण्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. या पौषात झालं, तेही माझं माझ्याशीच.

सिडकोतलं हे घर सासऱ्यांनी बांधलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे साडेचारला उठून तो पेटवायच्या. पण मेला तो धूर! ढलप्या फोडा, राख काढा, भिंती काळ्या, आणि मला साडेसातला शाळेत पोचायचं. २०१३ साली मीच हट्ट धरून गच्चीवर सोलर बसवून घेतला. बंब माळ्यावर गेला. आई काही बोलल्या नाहीत.

पहिली काही वर्षं सोलरनं सुख दिलं. त्याची गंमत अशी की पंप नाही, वीज नाही. काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांत पाणी तापतं, हलकं होऊन आपणहून वरच्या टाकीत चढतं आणि गार पाणी खाली उतरतं. मग हळूहळू गरम पाणी कमी पडायला लागलं. नळ फुसफुसायचा, धार तुटायची. आम्ही म्हणत राहिलो, थंडी फार आहे यंदा.

एके दिवशी मुलगी सहज म्हणाली, "आई, आजी गार पाण्यानं अंघोळ करते, तुला माहितीये?" माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. आई अलीकडे अकराला अंघोळ करत, ती वयामुळे, असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे आम्ही चौघं आटोपेपर्यंत गरम पाणी संपलेलं असायचं. दुपारपर्यंत जे कोमट होईल ते त्या घेत. सत्तरी उलटलेली बाई! आणि बंब कुणी काढायला लावला? मीच ना!

ह्यांनी दुकानदाराला बोलावलं. त्यानं गच्चीवर न चढताच सांगितलं, "जुना झाला, नवाच घ्या." शिकवणीचे साठवलेले पैसे मुलीच्या दातांच्या तारेसाठी ठेवले होते. ते मोडायचे?

त्याच आठवड्यात इंग्लंडहून मावसबहिणीचा फोन आला. तिकडे भिंतीला लोखंडी चपट्या पेट्या असतात, त्यांना रेडिएटर म्हणतात. बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरतं आणि खोली ऊबदार राहते. तिचंही घर जुनं. ती म्हणाली, "पेटी वरून गार लागली तर आत हवा अडकलीय, खालून गार लागली तर गाळ साचलाय. हवा मी स्वतःच छोट्या किल्लीनं सोडते. नवं घेण्याआधी एवढं बघ." मी फोन ठेवला आणि थेट गच्चीवर गेले.

आमच्या गल्लीत नळाची कामं करणारे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांनाही बोलावलं. टाकीवर हवा जाण्यासाठी उभी नळी असते. तिच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं! चाचा म्हणाले, "हवा को रास्ता नहीं मिला तो पानी अटकताच है, बेटी. पाणचक्की की नहर देखो." खरंच, डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणणाऱ्या त्या जुन्या नहरीच्या वाटेवर उभे मनोरे आहेत, ते हवा निघण्यासाठीच. लहानपणापासून बघत आले, पण कधी विचारलं नव्हतं. वर ही नळी बंद राहिली तर टाकी पोचून बसू शकते, म्हणजे वेळेवर सुटलो.

गाळही निघाला. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजत नाही. खालचं बूच काढलं तर पांढऱ्या खपल्या भसाभसा बाहेर! सूर्य वर यायच्या आत टाकीकडची वाट बंद करून चाचांनी नळ्यांत सायट्रिक अॅसिडचं पाणी भरलं, दोनेक तासांनी सोडून दिलं, तीनदा स्वच्छ धुतलं. काच मीच पुसली. (तुमच्याकडे काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर तापलेल्या नळीवर गार पाणी मारू नका, तडकते. पहाटे पुसा.) आता सोलरला नळाच्या पाण्याची वेगळी टाकी जोडलीय. नळाला पाणी रोज येत नसलं, तरी अंघोळीपुरतं साठवता येतं.

खाली येणाऱ्या नळाला मी आधी जुनी गोधडी गुंडाळली होती. पहिल्याच पावसात तिचं पोतेरं झालं. मग काळ्या फोमची नळी चढवली आणि उन्हानं फोमचा भुगा होऊ नये म्हणून वरून चंदेरी पट्टी. खरं सांगू? पहाटेची पहिली बादली अजून गारच येते, कारण रात्रभर नळात थांबलेलं पाणी निवणारच. ती झाडांना जाते. पण एकदा गरम पाणी सुरू झालं की मागच्याला ताटकळावं लागत नाही.

सगळा खर्च नव्या सोलरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. मुलीची तार लागली. बंब मात्र मी माळ्यावरून काढून घासून ठेवलाय. श्रावणातले ढग आले की सोलर तरी काय करणार!

आई आता पुन्हा पाचला अंघोळीला जातात, सगळ्यांच्या आधी. पहिल्या दिवशी मी दाराशीच उभी होते. "आई, पाणी आलं का गरम?"

आतून आवाज आला, "अगं, केवढं कढत आहे हे! विसण आण आधी."