बेसिनमधला गुलाबी फेस

मंडळी, आजचा विषय जरा किळसवाणा आहे. चहा पिता पिता वाचत असाल तर आधी कप संपवा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दात घासून थुंकलो आणि बेसिनमध्ये फेस गुलाबी. ही काही पहिली वेळ नव्हती. पीएचडीच्या शेवटच्या वर्षापासून अधूनमधून हे चालूच होतं. माझा उपायही ठरलेला होता. ज्या बाजूने रक्त येतं तिकडे ब्रश हळूच फिरवायचा, शक्यतो फिरवायचाच नाही. दुखऱ्या जागेला हात लावू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. दोन दिवस रक्त दिसलं नाही की प्रश्न सुटला!

या वेळी बायकोने पाहिलं. "लॅबमध्ये पंपातून एक थेंब गळला तर चार दिवस डोकं खाजवत बसतोस, आणि स्वतःच्या तोंडातून रक्त येतंय तर काहीच नाही?" याला उत्तर नव्हतं.

इकडे, म्हणजे टोरांटोच्या उत्तरेला रिचमंड हिलमध्ये, डॉक्टरकडे गेलं तर बिल ओंटारिओ सरकार भरतं. पण दात हा शरीराचा भाग नसावा अशी सरकारची समजूत दिसते, कारण दातांची नेहमीची कामं त्यात येत नाहीत. नोकरीतून विमा मिळाला तर ठीक, नाहीतर पैसे खिशातून. २०२४ मध्ये केंद्र सरकारची दंतयोजना सुरू झाली, पण ती खासगी विमा नसलेल्या आणि वर्षाला ९०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. विद्यार्थी असताना 'नंतर बघू' म्हणायला मला खर्चाचं कारण पुरलं. नोकरीतला विमा लागल्यावरही तीन वर्षं गेलो नाही, त्याला मात्र कारण नव्हतं.

असो. यंग स्ट्रीटवरच्या एका दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसल्यावर आधी डेंटिस्ट येत नाही, हायजीनिस्ट येते. दात साफ करणं हा इथे वेगळ्या शिक्षणाचा, परवान्याचा व्यवसाय आहे. तिने मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून आकडे सांगायला सुरुवात केली. तीन, दोन, तीन... पाच... सहा. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटत चालली असं समजायचं. माझे पाच आणि सहा नेमके कुठे आले असतील? जिथे मी ब्रश फिरवणं सोडलं होतं तिथे!

आता यामागचं यंत्र समजून घेऊ. दातावर जंतूंचा चिकट थर रोज जमतो. तो हिरडीच्या कडेला राहिला की शरीर तिकडे जादा रक्त पाठवतं, हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रश लागताच रक्त येतं. म्हणजे ब्रशने जखम होते असं नाही, सूज आधीपासून असते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या.

माझ्यासारखा माणूस मात्र रक्त दिसलं की घासणं कमी करतो. त्याने थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं, घासणं आणखी कमी. माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी किंचाळी निघते, तोच हा प्रकार. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्या माणसाला हे कळायला हरकत नव्हती.

घरी येताना बाबा आठवले. कराडच्या घरात सकाळी ते मोरीवर चूळ भरायचे तेव्हा पाणी लालसर असायचं. उपाय म्हणजे मीठ आणि हळद. दवाखान्यात जायचं नाही, कारण 'मशीनने साफ केलं की दात हलतात.' खरं तर थर वेळेवर निघाला नाही तर त्याचं दगडासारखं कीटण होतं, ते ब्रशने किंवा मिठाने निघत नाही. साफ केल्यावर दात मोकळे वाटतात, कारण मधलं कीटण गेलेलं असतं आणि सूज उतरलेली असते. हललेला दात आधीच हललेला असतो. बाबांचे निम्मे दात साठीच्या आत गेले. शिवाय त्यांना मधुमेह. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

तर काय करायचं? मऊ ब्रश घ्या, तो हिरडीच्या कडेला तिरका धरा, दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटं. दातांच्या फटीत रोज दोरा किंवा बारीक ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईल, थांबू नका. दोन आठवड्यांनी तरीही येत असेल तर कीटण काढून घ्या. गरोदरपणात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे, क जीवनसत्त्व कमी पडल्यामुळेही रक्त येतं. अंगावर निळे डाग पडत असतील किंवा रक्त थांबतच नसेल तर तडक डॉक्टरांकडे जा. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी 'माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही' म्हणून खूश होऊ नये. सिगारेटने रक्त कमी दिसतं, रोग आतून चालूच राहतो.

त्या रविवारी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, आता उरलेत किती? त्यांच्यासाठी कशाला डॉक्टर?"

"उरलेत म्हणूनच, बाबा."

चार महिन्यांनी माझे सहाचे चार झाले. झिजलेलं हाड परत येत नाही, पण झीज थांबली तरी खूप. बाबा अजून 'बघू' म्हणतात. हा शब्द मी कुठून शिकलो ते आता कळलं. डिसेंबरमध्ये कराडला येतोय, तेव्हा त्यांना स्वतः घेऊन जाणार आहे.